नव्या कॉम्प्युटरवर जुना फ्लाइट सिम्युलेटर एक्स कसा चालवायचा

पुण्याच्या धावपट्टी २८ वरून सेसना १७२ हे छोटं विमान उचलायचं, नाक साधारण २९५ अंशांवर धरायचं आणि ६,५०० फुटांपर्यंत चढत जायचं. डावीकडे लोणावळा मागे पडतं, घाटाचा कडा पायाखालून सरकतो आणि एकदम खाली कोकण उघडतं. चाळीसेक मिनिटांत मुंबईची धावपट्टी २७ समोर दिसायला लागते. अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर. हे उड्डाण मी शेकडो वेळा केलं आहे आणि या लेखात आपण पुन:पुन्हा तेच करणार आहोत. सिम्युलेटरमध्ये एखादा बदल केला की तो बरा झाला की वाईट, हे ओळखायला दर वेळी तोच रस्ता, तेच विमान, तीच वेळ आणि तेच हवामान लागतं. नवशिक्याने पहिल्या दिवशी हे उड्डाण 'सेव्ह' करून ठेवावं: पुणे विमानतळ, म्हणजे सिम्युलेटरच्या यादीतला कोड व्हीएपीओ, सकाळचे दहा, निरभ्र आकाश.

फ्लाइट सिम्युलेटर एक्स, म्हणजे आपला एफएसएक्स, मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००६ मध्ये आणला. तो बनवणारा एसेस स्टुडिओ जानेवारी २००९ मध्ये बंद झाला, पण सिम्युलेटर जिवंत राहिला. त्याचा पाया घेऊन लॉकहीड मार्टिनने प्रीपार३डी हा आपला सिम्युलेटर उभा केला आणि १८ डिसेंबर २०१४ रोजी डव्हटेल गेम्सने एफएसएक्सची स्टीम आवृत्ती आणली. मायक्रोसॉफ्टचे २०२० आणि २०२४ चे नवे सिम्युलेटर दिसायला अप्रतिम आहेत, यात वाद नाही. पण ते जमिनीची चित्रं उड्डाण चालू असताना नेटवरून ओढतात, त्यांना चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं आणि सतत चालणारं नेट लागतं. एफएसएक्स एकदा बसवला की नेट बंद असलं तरी उडतो. साध्या लॅपटॉपवर विमान उडवायला, होकायंत्र वाचायला, व्हीओआर (दिशा सांगणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र) पकडायला शिकायचं असेल, तर मी आजही आधी हाच बसवायला सांगतो.

कोणती प्रत घ्यायची

माझ्याकडे दोन डीव्हीडींचा जुना डबा आहे आणि त्याच्यावर जीव आहे. पण नवीन माणसाला मी स्टीम आवृत्तीच सुचवतो. तिच्यात दोन्ही सर्व्हिस पॅक (मायक्रोसॉफ्टने नंतर दिलेले दुरुस्त्यांचे संच) आणि अ‍ॅक्सलरेशन ही पुरवणी आधीच मिसळलेली आहे, त्यामुळे एफ/ए-१८ हॉर्नेट आणि पी-५१ मस्टँगही मिळतात. जुन्या आवृत्तीतला मित्रांबरोबर उडण्याचा भाग गेमस्पायवर अवलंबून होता. ती सेवा २०१४ मध्ये बंद झाली. स्टीम आवृत्तीत ते काम स्टीमच करतं. शिवाय आजच्या बहुतेक लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नसतोच.

डीव्हीडीच वापरायच्या असतील तर क्रम पाळा. आधी मूळ सिम्युलेटर टाका, एकदा चालू करून बंद करा, मग अ‍ॅक्सलरेशन असेल तर ते टाका. त्यात दोन्ही सर्व्हिस पॅकमधल्या दुरुस्त्या येतात. अ‍ॅक्सलरेशन नसेल तर सर्व्हिस पॅक एक आणि मग दोन. मूळ २००६ ची प्रत पॅकशिवाय वापरू नका, कारण प्रोसेसरच्या एकाहून जास्त कोअरना काम वाटून देणं पहिल्या पॅकपासून सुरू झालं.

बऱ्याच घरांत २००३ च्या फ्लाइट सिम्युलेटर २००४ च्या चार सीडी असतात. राइट बंधूंच्या उड्डाणाला शंभर वर्षं झाली म्हणून काढलेली ती आवृत्ती फार सुंदर आहे. पण तिच्या सीडीवर सेफडिस्क नावाचं जुनं संरक्षण आहे आणि विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने त्याचा ड्रायव्हर काढून टाकला. त्यामुळे सिम्युलेटर बसतो, पण सुरू होत नाही. सीडी खराब झाली असं समजून लोक ती पुसत बसतात. सीडी ठीक असते. जुना विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर घरात असेल तर त्या सीडी त्याच्यासाठी जपून ठेवा.

बसवणं

जागा ३० जीबी मोकळी धरा, आणि एसएसडी असेल तर त्याच्यावरच बसवा. उड्डाण उघडायला लागणारा वेळ निम्म्याहून कमी होतो, आणि उडताना जमिनीची चित्रंही लवकर भरतात.

डीव्हीडीवरून बसवताना तो 'प्रोग्राम फाइल्स' हा फोल्डर सुचवेल. तो घेऊ नका. सी ड्राइव्हवर थेट एफएसएक्स नावाचा फोल्डर करा आणि तिथे बसवा. 'प्रोग्राम फाइल्स'मधल्या फाइली विंडोज राखत असतो. तुम्ही एखाद्या विमानाची फाइल बदलली तर विंडोज कधीकधी त्या बदलाची प्रत गुपचूप दुसरीकडेच ठेवतो, आणि मग फाइल बदलली तरी विमान तसंच का, हे कळत नाही. स्टीमवाल्यांना हा त्रास सहसा होत नाही, पण दुसऱ्या ड्राइव्हवर स्टीमची लायब्ररी करता येते हे लक्षात ठेवा.

बसवून झालं की चार गोष्टी लगेच करा.

एक. अँटिव्हायरसमध्ये एफएसएक्सचा फोल्डर अपवाद म्हणून टाका. उडताना सिम्युलेटर सतत हजारो छोट्या फाइली वाचतो. प्रत्येक फाइल तपासली गेली की विमान अडखळतं.

दोन. लॅपटॉपला दोन ग्राफिक्स चिप असतील तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, मग ग्राफिक्स, असं जाऊन एफएसएक्सची मुख्य फाइल जोडा आणि 'हाय परफॉर्मन्स' निवडा. चार्जर लावूनच उडा. बॅटरीवर प्रोसेसर स्वतःहून मंदावतो.

तीन. त्याच मुख्य फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी. तिथे 'फुलस्क्रीन ऑप्टिमायझेशन' बंद करा. मेनूतली अक्षरं मुंगीएवढी किंवा धुरकट दिसत असतील तर हाय डीपीआयची सेटिंगही इथेच मिळते.

चार. सिम्युलेटर एकदा उघडा, पाच मिनिटं काहीही उडवा, बंद करा. आपल्या सेटिंग्जची फाइल तो पहिल्या वेळीच तयार करतो आणि पुढे आपल्याला ती लागणार आहे.

पूर्ण स्क्रीनवरून खिडकीत यायला आणि परत जायला ऑल्ट आणि एंटर. पूर्ण स्क्रीनमध्ये मेनू उघडताना सिम्युलेटर पडत असेल तर खिडकीतच उडवा. मी कित्येक वर्षं खिडकी मोठी करून उडतो, अडत काही नाही.

हातात काय धरायचं

जॉयस्टिक नसेल तरी सुरुवात होते. नम लॉक बंद ठेवा. उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवर ८ आणि २ ने नाक खाली-वर होतं, ४ आणि ६ ने विमान कलतं, ० आणि एंटरने रडर, म्हणजे शेपटीची उभी झडप, हलतो, ५ ने सगळं मध्यावर येतं. ७ आणि १ हे ट्रिम, म्हणजे बटन दाबून न धरता नाक हवं तिथे राहावं यासाठी. एफ १ ने पॉवर पूर्ण कमी, एफ ४ ने पूर्ण जास्त, मधले दोन थोडंथोडं. एफ ७ ने फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) उतरतात, एफ ६ ने वर जातात. जी ने चाकं. पूर्णविरामाने ब्रेक, कंट्रोल आणि पूर्णविरामाने पार्किंग ब्रेक. एफ ९ ने कॉकपिटमध्ये मान फिरवता येते, एफ ११ ने विमान बाहेरून दिसतं.

छोट्या लॅपटॉपला आकड्यांची पट्टी नसते आणि तिथेच अनेकांचा पहिला दिवस वाया जातो. सेटिंग्ज, कंट्रोल्स, 'बटन्स अँड कीज' इथे जाऊन एलेव्हेटर (नाक खाली-वर) आणि एलरॉन (विमान कलणं) बाणांच्या बटनांवर आणा, किंवा दोनशे-तीनशे रुपयांची यूएसबीची आकड्यांची पट्टी घ्या.

जॉयस्टिक घेणार असाल तर साधी, मूठ वळवली की रडर चालणारी पुरते. जोडल्यावर कंट्रोल्समध्ये प्रत्येक अक्षाची 'सेन्सिटिव्हिटी' आणि 'नल झोन' बघा. नल झोन म्हणजे मध्यावरची मृत जागा. ती अगदी थोडी ठेवा, नाहीतर उतरताना छोट्या दुरुस्त्या लागूच पडत नाहीत. आणि उडता उडता जॉयस्टिक अचानक मरत असेल, काढून घातल्यावरच जागी होत असेल, तर तिला दोष देऊ नका. विंडोज वीज वाचवायला यूएसबी झोपवतो. डिव्हाइस मॅनेजर उघडा, प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवायला उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाका.

सरकपट्ट्या: इथे खरा खेळ आहे

एफएसएक्स लिहिला जात होता तेव्हा पुढचे प्रोसेसर प्रचंड वेगाने पळतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात कोअरची संख्या वाढत गेली, एकेका कोअरचा वेग त्या मानाने हळू वाढला. एफएसएक्सचं बहुतेक काम एकाच कोअरवर चालतं. त्यामुळे सोळा कोअरचा प्रोसेसर आणि महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊनही तो मुंबईवर अडखळू शकतो. लोक पटकन नवं कार्ड आणतात आणि निराश होतात. पैसे घालायचेच असतील तर एका कोअरचा वेग जास्त असलेल्या प्रोसेसरवर घाला.

आपलं पुणे-मुंबई उड्डाण उघडा. शिफ्ट आणि झेड दोनदा दाबलं की वर फ्रेम्सचा, म्हणजे दर सेकंदाला किती चित्रं काढली जातात त्याचा, आकडा दिसतो. आता सेटिंग्ज, डिस्प्ले.

पहिली गोष्ट, फ्रेम रेटची मर्यादा ३० वर बांधा. 'अनलिमिटेड' ठेवलं तर सिम्युलेटर सगळा दम चित्रं फिरवण्यात घालवतो, नवी जमीन भरायला त्याला फुरसत मिळत नाही, आणि विमानाखालची शेतं शिळ्या पिठल्यासारखी दिसतात. जुने सिमवाले त्याला 'ब्लरीज' म्हणतात. स्थिर ३० हा आकडा उड्या मारणाऱ्या ६० पेक्षा डोळ्यांना केव्हाही बरा.

मग ट्रॅफिकच्या टॅबवर जा. सगळ्यात जास्त दम हीच सरकपट्टी खाते. विमानांची वर्दळ २० टक्क्यांच्या खाली, रस्त्यावरच्या गाड्या १० टक्के, जहाजं तितकीच. मुंबईत उतरताना फरक लगेच जाणवतो.

सीनरीच्या टॅबवर 'लेव्हल ऑफ डिटेल रेडियस' लार्ज ठेवा, त्याने दूरची जमीन नीट दिसते. मेशचं (जमिनीच्या उंचसखलपणाचं) रेझोल्युशन ३८ मीटर, टेक्स्चर (जमिनीच्या चित्रांचं) रेझोल्युशन एक मीटर. एफएसएक्सबरोबर येणारी जमिनीची चित्रं एका मीटरपेक्षा बारीक नाहीतच, त्यामुळे त्यापुढे सरकवून काही मिळत नाही. ऑटोजेन, म्हणजे आपोआप उगवणारी घरं आणि झाडं, नॉर्मलवर ठेवून सुरुवात करा. पाणी 'लो २.एक्स'वर ठेवलं तर समुद्र छान दिसतो, त्याच्यावर गेलं की मुंबईजवळ फटका बसतो. 'लाइट ब्लूम' बंद. ते दिसतं मोहक, पण त्याची किंमत फार जास्त आहे. जमिनीवरच्या सावल्याही बंद.

अँटिअ‍ॅलायझिंग चालू आणि अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टर निवडा. चित्राच्या कडा आणि दूरची जमीन स्पष्ट करणारी ही दोन कामं ग्राफिक्स कार्ड करतं, आणि ते इथे बरंचसं रिकामंच बसलेलं असतं.

आता उडा. खालापूर गेलं, पनवेल आलं की आकडा बघा. २५ ते ३० च्या मध्ये राहिला तर ऑटोजेन एक पायरी वर. पुन्हा तेच उड्डाण. खाली घसरला तर एक पायरी मागे. कंटाळवाणं वाटतं, पण दोन संध्याकाळींत आपल्या कॉम्प्युटरचा नेमका आवाका कळतो आणि मग वर्षभर त्या पडद्याकडे बघावं लागत नाही.

सेटिंग्जची फाइल हाताने बदलणं

विंडोज आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत टक्क्याचं चिन्ह, मग अ‍ॅपडेटा, मग पुन्हा टक्क्याचं चिन्ह, असं मोकळी जागा न सोडता टाइप करा. त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात एफएसएक्स फोल्डर, आणि त्यात एफएसएक्स डॉट सीएफजी ही फाइल. कॉम्प्युटरवर डीव्हीडीची आणि स्टीमची अशा दोन्ही प्रती असतील तर स्टीमची फाइल एफएसएक्स-एसई नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असते. सिम्युलेटर बंद ठेवा, आधी फाइलची प्रत दुसरीकडे ठेवा, मग नोटपॅडमध्ये उघडा. पुढची नावं मी देवनागरीत लिहितो आहे, फाइलमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत असतात.

'ग्राफिक्स' या विभागात 'टेक्स्चर मॅक्स लोड' ही ओळ सापडेल, १०२४ लिहिलेली. ती २०४८ करा, ग्राफिक्सची मेमरी बरी असेल तर ४०९६. नंतर बसवलेल्या विमानांवरची अक्षरं एकदम स्पष्ट होतात. डिस्प्लेच्या सेटिंग्ज पुन्हा बदलल्या की ही ओळ परत १०२४ वर जाऊ शकते, म्हणून ती शेवटी बदला आणि अधूनमधून बघत जा.

'डिस्प्ले' विभागात 'वाइड व्ह्यू अ‍ॅस्पेक्ट' ही ओळ 'फॉल्स'वरून 'ट्रू' करा. २००६ मध्ये पडदे चौकोनी होते. आजच्या रुंद पडद्यावर ही ओळ न बदलता उडलं तर कॉकपिट फार जवळ, नाकाला टेकल्यासारखं दिसतं.

डीव्हीडीची प्रत असेल तर 'ग्राफिक्स' विभागात 'हायमेमफिक्स' (इंग्रजीत HIGHMEMFIX) अशी एक नवी ओळ घालून तिच्यापुढे बरोबरचं चिन्ह आणि १ लिहा. सगळी अक्षरं मोठी, मध्ये जागा नाही. उडता उडता झाडं आणि इमारती गायब होणं, पॅनेल काळं पडणं हे यामुळे थांबतं. स्टीमवाल्यांना हे करायची गरज नाही, ते आतच आहे.

बस, एवढंच. 'बफरपूल्स'सारख्या ओळी घालायला सांगणारे सल्ले भरपूर मिळतील. पूर्वी मी कुणाची तरी तयार सीएफजी फाइल जशीच्या तशी चिकटवली होती. मुंबईजवळ जमिनीवर काळे त्रिकोण उगवले, पॅनेल लुकलुकायला लागलं. तीस ओळी एकाच वेळी बदललेल्या, त्यामुळे कोणती चावते आहे ते शोधायला तीन संध्याकाळी गेल्या. फाइल कधी असं बिघडली तर तिचं नाव बदलून टाका. सिम्युलेटर पुढच्या वेळी नवी कोरी फाइल बनवतो.

चार जीबीची भिंत

हे समजून घ्या, कारण लांब उड्डाणात बसणारा सगळ्यात मोठा धक्का हाच असतो. एफएसएक्स ३२-बिटचा आहे. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ३२ जीबी रॅम असली तरी त्याला चार जीबीच्या पलीकडचे पत्ते मोजताच येत नाहीत. उडत जाल तशी तो नवी जमीन भरतो आणि जुनी पूर्ण सोडत नाही. भारी पेवेअर (विकत घेतलेलं) विमान, तपशीलवार विमानतळ, दाट ऑटोजेन, वर्दळ, असं सगळं एकत्र आलं की मोजमाप चार जीबीजवळ पोहोचतं. मग 'तुमच्या कॉम्प्युटरची मेमरी संपली' अशा अर्थाची चौकट येते आणि खेळ बंद. बहुतेक वेळा हे उतरण्याच्या शेवटच्या दहा मैलांत होतं, कारण मोठा विमानतळ तेव्हाच भरला जातो. चार तास उडून शेवटी तो पडदा बघणं काय असतं, ते ज्याने भोगलं त्यालाच माहीत.

रॅम वाढवून हे सुटत नाही. मायक्रोसॉफ्टचं प्रोसेस एक्सप्लोरर हे फुकट साधन घ्या, त्यात 'व्हर्च्युअल साइझ' हा रकाना दिसेल असं करा आणि एफएसएक्सच्या ओळीवर लक्ष ठेवा. रॅमचा साधा आकडा इथे कामाचा नाही, हाच बघायचा. साडेतीन जीबी ओलांडली की सावध व्हा. मोठं विमान आणि मोठा विमानतळ असेल त्या दिवशी ऑटोजेन दोन पायऱ्या खाली आणा, टेक्स्चर २०४८ वर ठेवा. ज्या प्रदेशात उडायचं नाही तिथल्या जास्तीच्या सीनरी लायब्ररीतून तात्पुरत्या बंद करा. आणि लांब उड्डाण मध्येच सेव्ह करा, सिम्युलेटर बंद करून पुन्हा उघडा, पुढे जा. मेमरी स्वच्छ होते.

नवी विमानं, जुने रंग

एफएसएक्सबरोबर सेसना, पायपर कब, डीसी-३, बीव्हर, एअरबस ए३२१, बोइंग ७३७-८०० आणि ७४७-४०० अशी विमानं येतात. अ‍ॅव्हसिम, फ्लाइटसिम डॉट कॉम, सिमव्हिएशन यांच्यासारख्या ठिकाणी वर्षानुवर्षांची फुकट विमानं आणि रंगसंगती साठलेल्या आहेत. विमानांच्या रंगाला तिथे 'लिव्हरी' म्हणतात. आपल्याकडे तर त्यात एक काळच जपला गेलाय. २०१२ मध्ये थांबलेल्या किंगफिशरचं लाल ए३२१ किंवा २०१९ मध्ये थांबलेल्या जेट एअरवेजचं निळं-पिवळं ७३७ खऱ्या आकाशात आता दिसत नाही. इथे ते मुंबईच्या धावपट्टीवर उभं करता येतं.

लिव्हरी बसवायची अशी. सिमऑब्जेक्ट्स फोल्डरमध्ये एअरप्लेन्स, त्यात त्या विमानाचा फोल्डर. उतरवून घेतलेला टेक्स्चरचा फोल्डर तिथे ठेवा. 'टेक्स्चर' शब्दानंतर टिंब आणि मग काहीतरी नाव, असं त्याचं नाव असतं. आता त्याच ठिकाणची एअरक्राफ्ट डॉट सीएफजी ही फाइल प्रत काढून उघडा. वरच्या बाजूला 'फ्ल्टसिम' नावाचे विभाग ० पासून क्रमाने दिसतील. शेवटचा विभाग कॉपी करून त्याच्याखाली चिकटवा आणि त्यात तीन गोष्टी बदला: विभागाचा क्रमांक पुढचा करा, 'टायटल'च्या ओळीत कुठेही न वापरलेलं नाव द्या, 'टेक्स्चर'च्या ओळीत टिंबानंतरचं नाव लिहा. क्रमांकात खंड पडला, ४ नंतर थेट ६ आला, की पुढची विमानं दिसत नाहीत. आणि सगळं बरोबर करूनही यादीत नवं विमान नसेल, तर विमान निवडायच्या खिडकीत खाली 'शो ऑल व्हेरिएशन्स' या चौकटीवर खूण आहे का ते बघा. निम्म्या वेळा तेवढंच राहिलेलं असतं.

डोंगर उभे करणं

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. एफएसएक्सचा मूळ सह्याद्री गोलगोल आहे. खंडाळ्याचा कडा एखाद्या उतरणीसारखा दिसतो, आणि ज्याने रेल्वेच्या खिडकीतून तो बघितलाय त्याला ते खटकतंच. जमिनीची उंची मेश नावाच्या फाइलींत असते आणि ती बदलता येते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने रडारने पृथ्वीचा उंचसखलपणा मोजला. त्या मोजणीवर आधारलेल्या बारीक मेश फुकट मिळतात, फ्रीमेशएक्स हे त्यातलं सगळ्या जगाचं काम. आकार खूप मोठा आहे, म्हणून आधी फक्त आशियाचा भाग उतरवा.

बसवायच्या पायऱ्या कोणत्याही सीनरीसाठी सारख्याच. फाइली सिम्युलेटरच्या बाहेर, समजा डी ड्राइव्हवर, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. त्या फोल्डरच्या आत 'सीनरी' नावाचा फोल्डर असायला हवा. सिम्युलेटरमध्ये सेटिंग्ज, सीनरी लायब्ररी, 'अ‍ॅड एरिया'. तुमचा फोल्डर निवडा, ओके दाबा. इथे नव्या विंडोजवर एक खोड आहे: ओके दाबलं तरी खिडकी बंद होत नाही, फोल्डर नुसता उघडतो. घाबरू नका. त्याच खिडकीतल्या पांढऱ्या रिकाम्या जागेवर एकदा क्लिक करा, फोल्डर यादीत येतो. मेश यादीत विमानतळांच्या खाली ठेवा.

मग आपलं उड्डाण उघडा. लोणावळ्याच्या पुढे कडा खरोखर तुटतो. नागफणी वेगळी ओळखू येते, उल्हास नदीची दरी खोल उतरते, आणि उजवीकडे लांबवर कळसूबाईच्या रांगेचे दात दिसतात. १,६४६ मीटर उंचीचं शिखर ६,५०० फुटांवरून डोळ्यांच्या किंचितच खाली राहतं. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी स्वयंचलित उड्डाण लावून नुसता खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

याच उड्डाणात पनवेलजवळ, उलव्याच्या बाजूला बघितलं तर नुसती जमीन दिसेल. एफएसएक्सचं जग २००६ ला थांबलंय. नवी मुंबईचा विमानतळ नाही, मोपा नाही, चिपी नाही, शिर्डी नाही. हैदराबादला गेलात तर बेगमपेटला उतरावं लागतं, बंगळुरूला एचएएलच्या धावपट्टीवर. यातले काही विमानतळ लोकांनी बनवून फुकट दिले आहेत, आधी ते शोधा. नसेल तर एअरपोर्ट डिझाइन एडिटर हे फुकट साधन घेऊन स्वतः आखा. सुरुवातीला शिर्डी घ्या, काकडी गावाजवळ, एकच धावपट्टी. उपग्रहाच्या नकाशावरून तिची दोन टोकं मोजा, धावपट्टी, टॅक्सीवे आणि एप्रन (विमानं उभी करायची जागा) काढा, आणि खालची जमीन सपाट करणारा बहुभुज विसरू नका, नाहीतर धावपट्टी टेकडीवर पसरलेल्या सतरंजीसारखी दिसते. पहिल्या विमानतळाला एक रविवार जातो.

सगळं मनासारखं जमलं की दोन फोल्डरांची प्रत पेनड्राइव्हवर काढा: सीएफजी फाइल असलेला, आणि डॉक्युमेंट्समधला 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स फाइल्स', ज्यात तुमची सेव्ह केलेली उड्डाणं असतात. सीनरीची यादी प्रोग्रामडेटामध्ये मायक्रोसॉफ्ट, एफएसएक्स इथे असते, तीही घ्या. विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली तर तासाभरात परत धावपट्टीवर असाल. ज्यांना खऱ्या माणसांबरोबर, रेडिओवर बोलत उडायचं आहे त्यांच्यासाठी व्हॅटसिम हे फुकट जाळं आहे आणि त्याला जोडणारा व्हीपायलट हा प्रोग्राम एफएसएक्सवर चालतो. पण आधी महिनाभर एकट्याने उडा.

आणि पुणे-मुंबई हाताला बसलं की पुढचं उड्डाण मी सुचवतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटांनी पुस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच रस्ता पुन्हा उडवला. सेसना १७२ घ्या, जीपीएस बंद करा, होकायंत्र, घड्याळ आणि किनाऱ्याची रेषा एवढ्यावर भिस्त ठेवा. कराची ते अहमदाबाद साधारण तीन तास, टाकी भरा, मग खंभातच्या आखाताच्या कडेने खाली, भरूच, सुरत, डहाणू. वसईची खाडी ओलांडली की उंची हजार फुटांवर आणा आणि डावीकडे किनारा धरून जुहूची धावपट्टी शोधा.